कमानींच्या सावलीत दोन घोट पाणीही असू द्या
मुंबईच्या फोर्ट भागातले इमारतमालक, भाडेकरू आणि दुकानदार यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी अकोल्याचा, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई, बायको आणि दोन मुलांना घेऊन एक दिवस तुमच्या भागात पायी हिंडलो. आई ६९ वर्षांची. थोरली आता सातवीत जाईल, धाकटा सहा वर्षांचा. सकाळी साडेसातला सुरुवात केली ती दिवस मावळेपर्यंत. त्यातला बराच वेळ आम्ही तुमच्या कमानींखाली काढला, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे. आभार मानायचे आहेत आणि काही मागायचंही आहे.

मे महिन्यातच का आलात, असं कुणीही विचारेल. आमच्याकडे मुलांना सुट्टी मेमध्ये असते, मलाही तेव्हाच असते. गावोगावची कुटुंबं मुंबई पाहायला येतात ती याच दिवसांत. आणि पायीच का, तर टॅक्सीच्या काचेतून फोर्ट दिसत नाही. एखाद्या इमारतीच्या कोपऱ्यावर कोरलेलं माकड दिसायला माणसाने थांबावं लागतं, मान वर करावी लागते. ते आम्ही दिवसभर केलं.

विदर्भ एक्सप्रेसने आम्ही सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. सामान ठेवलं, तोंडं धुतली आणि बाहेर येऊन समोरच्या फुटपाथवरून ती इमारत नुसती बघत राहिलो. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली, १८८७ मध्ये पुरी झालेली, २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली. मुलांनी भिंतीतून बाहेर झेपावलेले दगडी प्राणी मोजायला घेतले आणि विसाच्या पुढे त्यांची भांडणं लागली. मी त्यांना दुसरीच गोष्ट सांगत होतो. ही इमारत ज्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची होती, तिचा रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचला, वाटेत आमचं अकोला घेऊन. तीन वर्षांनी, १८७० मध्ये, खामगावची शाखा झाली. ही घाई कशासाठी होती? कापसासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाने मुंबई फुगली. किल्ल्याचे तट त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत तुमचा आजचा फोर्ट उभा राहिला. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत वेचलेलं बोंड याच रस्त्याने बंदराकडे गेलं. हे मी सुरुवातीलाच लिहितो, कारण पुढे जे मागणार आहे ते अगदी परक्याचं मागणं नाही, असं मला मनापासून वाटतं.

मग आम्ही दादाभाई नौरोजी रस्त्याला लागलो, आणि तुमच्या कमानींखाली शिरलो.

त्या वाटेचं मी किती वर्णन करू? बाहेर आठ वाजताच ऊन डोळ्यांत जात होतं. कमानीत पाऊल टाकलं आणि डोळे निवले. वर उंच छत, एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला दगडी खांब, आणि खांबांच्या मधून उन्हाचे पट्टे फरशीवर पडलेले. धाकटा पट्टे ओलांडत उड्या मारत चालला. मी या वाटेबद्दल आधी वाचलं होतं. १८९० च्या दशकात सरकारी नियम झाला की या रस्त्यावर जो बांधेल, त्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडायची. म्हणून वरच्या मजल्यांवर प्रत्येकाने आपापली हौस केली, कुणी गॉथिक टोकं काढली, कुणी ग्रीक खांब उभारले, कुणी घुमट चढवला, पण खालची वाट एकसलग राहिली. एका इमारतीची सावली संपते तिथे दुसरीची सुरू होते. ज्यांना त्या इमारतीत काही काम नाही, जे तिथे एक पैसा खर्च करणार नाहीत, त्या वाटसरूंसाठी मालकांनी आपल्या तळमजल्याची मोक्याची पट्टी सोडली. नियमामुळे सोडली हे खरं, पण सोडली. सव्वाशे वर्षांनंतर अकोल्याची एक म्हातारी त्या सावलीतून चालली. त्याबद्दल मी तुमचा आणि तुमच्या आधी तिथे असलेल्यांचा ऋणी आहे.

आता दुखणं सांगतो. आधी उन्हाबद्दल थोडं.

आम्ही ४५ अंशांत वाढलेली माणसं. उन्हाळ्यात अंगणात पाणी मारायचं, कूलरच्या ताट्या ओल्या ठेवायच्या, बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा, आल्यावर कैरीचं पन्हं. त्या दिवशी मोबाइलवर अकोला ४३ दाखवत होता आणि मुंबई ३४. घरून निघताना मी आईला म्हटलं होतं, "मुंबईचं ऊन म्हणजे आपली दिवाळी." ही माझी चूक होती, आणि विज्ञान शिकवणाऱ्याची चूक म्हणून ती मला जास्त लागली.

शरीर गार होतं ते घाम येऊन नाही, घाम वाळून. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. अकोल्याच्या कोरड्या हवेत तो येता येताच वाळतो, कित्येकदा आल्याचं कळतही नाही, फक्त सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग दिसतात. मुंबईच्या हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. तिथे घाम वाळत नाही, निथळतो. निथळलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र आतच ठेवतो. त्यातून बातम्यांत सांगतात तो आकडा सावलीतला असतो, झडपांच्या पेटीत जमिनीपासून चारेक फुटांवर ठेवलेल्या तापमापकाचा. डांबरावर, उन्हात, पोराचा हात धरून चालणाऱ्याचा तो आकडा नव्हे. हवामान खातंही मैदानी भागात ४० अंशांच्या पुढे उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, आणि किनाऱ्यावर ३७ पासूनच. २०२३ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर सोहळ्यासाठी उघड्या उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले, ते ऐकून आम्हा विदर्भातल्या लोकांना कळेना की एवढ्याशा तापमानात असं कसं झालं. मला त्या दिवशी कळलं.

आई दहाच्या सुमाराला मला म्हणाली, "काऊन रे, घाम वाळूनच नाही राह्यला." मी ते ऐकलं आणि पुढे चालत राहिलो. तेव्हाच थांबायला हवं होतं.

आम्ही हुतात्मा चौकात पोचलो होतो. महाराष्ट्र दिनाचे हार अजून तिथे होते, सुकलेले. मुलांना संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट सांगितली, २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार याच जागी झाला हे सांगितलं. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार आईने हात जोडून पाहिले. शेजारी १८६४ चं फ्लोरा फाउंटन. चौकात सावली नाही. दहा-पंधरा मिनिटं आम्ही उन्हात उभे होतो, बोलत होतो, फोटो काढत होतो. मग हॉर्निमन सर्कलच्या बागेत जायचं ठरलं, तिथे झाडं आहेत म्हणून. चालता चालता आई एका इमारतीच्या कमानीखाली थांबली आणि म्हणाली, "मी बसते थोडी." तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. पायऱ्या होत्या. तिथे ती टेकली.

दोन मिनिटं झाली नसतील, पहारेकरी आला. "इथे बसायचं नाही." मी म्हटलं, आईला बरं वाटत नाही. तो म्हणाला, "साहेब, मला बोलणी बसतात." तो विशी-बाविशीचा पोरगा होता आणि त्याला लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. इमारत कोणती, कार्यालय कोणाचं, हे मी इथे लिहिणार नाही. त्या पोराची नोकरी जावी असं मला वाटत नाही, आणि एका इमारतीकडे बोट दाखवून बाकीच्यांना मोकळं सोडावं असंही वाटत नाही. शेजारच्या ओट्यावर कुणी टेकू नये म्हणून लोखंडी टोकं बसवली होती. आई उठली. खांबाला धरून उठली.

पुढच्या कमानीत एक घड्याळ दुरुस्त करणारे काका बसले होते. एवढीशी काचेची पेटी, डोळ्याला भिंग. त्यांनी आईला पाहिलं, भिंग काढलं आणि स्वतः उठून स्टूल पुढे केलं. "मावशी, बसा इथं. पंख्यासमोर बसा." पेटीवर पुठ्ठ्याएवढा पंखा होता, तो तिच्याकडे वळवला. बाटलीतलं पाणी दिलं. समोरच्या दुकानातून एका मुलीने साखर आणि मिठाची पुडी आणली. बायकोने पदर भिजवून आईच्या मानेवर ठेवला. आईला मळमळत होतं, पिंढऱ्यांत गोळे येत होते, पण ती नीट बोलत होती, घाम येत होता, म्हणजे अजून धोका टळलेला नसला तरी हाताबाहेर गेलेलं नव्हतं. (माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भाजल्यासारखं लागलं, तर पाणी पाजत बसू नये, त्याला गार करत करत १०८ ला फोन करावा. हे तुमच्या दुकानातल्या मुलांना सांगून ठेवा, कारण असा माणूस रस्त्यावरून पहिल्यांदा तुमच्याच कमानीत येईल.) अर्ध्या तासाने तिचा चेहरा निवळला.

त्या अर्ध्या तासात बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, आई सकाळपासून पाणीच प्यायल्या नाहीत." माझ्या पाठीवर दोन बाटल्या होत्या. मी पाच-सहा वेळा पुढे केल्या होत्या. आईने प्रत्येक वेळी ओठ ओले केले आणि परत दिल्या. का, तर वाटेत जायला जागा कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि मुलाला ते विचारायची तिला लाज वाटली. बायकोही तसंच करत होती. थोरलीही. आमच्या पाच जणांत तिघी बायका, आणि तिघीही भर उन्हात तहान मारून चालत होत्या. मला हे इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. माझी वर्गातली उदाहरणं घामाची आणि बाष्पीभवनाची; माझ्या घरातल्या बायकांच्या तहानेचा हिशेब मी कधी मांडला नाही.

म्हणून मी नुसतं पाणी मागत नाही, त्याच्या जोडीला दुसरंही मागतो. तुमच्या दुकानाच्या मागे, कार्यालयाच्या जिन्याखाली, उपाहारगृहाच्या कोपऱ्यात स्वच्छतागृह असतं. 'फक्त ग्राहकांसाठी' ही पाटी मला समजते. दिवसाला शंभर माणसं आली तर झाडायला कोण, पाणी कोण भरणार, हेही समजतं. पण म्हातारी बाई, गरोदर बाई, लहान मूल यांना तेवढी पाटी बाजूला ठेवता येईल का? आणि दाराबाहेर तसं लिहून ठेवता येईल का? नुसतं जाऊ देणं पुरत नाही. लिहिलेलं असलं तरच आईसारखी बाई पाणी पिईल, कारण विचारायचा संकोच ती जन्मभर मोडणार नाही.

घड्याळवाल्या काकांना मी म्हटलं, आमच्याकडे मार्च उजाडला की चौकाचौकात पाणपोई लागते. ओल्या वाळूत अर्धवट पुरलेले रांजण, वर लाल ओलं फडकं, झाकण, लांब दांड्याचा डोंगा. कुणी वडिलांच्या नावाने चालवतं, कुणी मंडळाच्या, कुणी नावच लावत नाही. एखादा म्हातारा दिवसभर बसून येणाऱ्याच्या ओंजळीत पाणी ओततो. तुमच्याकडे एवढी श्रीमंती, पण पाणपोई कशी नाही? काका म्हणाले, "नाही कशी? बघून जा की." आणि त्यांनी रस्ता सांगितला.

मिंट रोडकडे, बझारगेटच्या बाजूला, रतनसी मुळजी जेठा यांची पाणपोई आहे. ते कापसाचे व्यापारी. त्यांचा मुलगा धरमसी लहान वयात गेला, त्याच्या आठवणीत बापाने वाटसरूंसाठी पाण्याची सोय केली. आराखडा केला तो टर्मिनसच्याच स्टीव्हन्सने, १८९० च्या दशकात. एवढ्या मोठ्या स्थानकाची इमारत रचणाऱ्या माणसाने एका तहानेलेल्या हमालासाठीही तितक्याच मन लावून दगड घडवला. आईला मी हे सांगितलं. ती काही बोलली नाही, दगडाला हात लावून तो हात तिने कपाळाला लावला. पोर गेल्यावर बापाने पाणी दिलं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं असणार. माझ्या आधीचा तिचा एक मुलगा गेला आहे.

ही एकच नाही. मशीद बंदरला केशवजी नायक यांची १८७६ ची आहे, घड्याळाच्या मनोऱ्यासह. जीपीओजवळ (मोठ्या टपाल कार्यालयाजवळ) कबुतरखान्यापाशी कोठारी यांची १९२३ ची. त्या काळच्या कितीतरी पाणपोयांना माणसांबरोबर बैल-घोड्यांसाठीही कुंड असे, कारण मालाच्या गाड्या ओढणारी जनावरंही त्याच उन्हात चालत. या सगळ्या बांधल्या कुणी? व्यापाऱ्यांनी. तुमच्यासारख्यांनीच. म्हणजे या पेठेत चालणाऱ्याला सावली देण्याची रीत होती आणि पाणी देण्याचीही होती. सावली दगडात बांधलेली, म्हणून टिकली. पाणी रोज भरावं लागतं.

मी शिक्षक आहे, म्हणून थोडं तपशिलात जातो. आमच्यासारखा मातीचा रांजण तुमच्याकडे फारसा गार होणार नाही. रांजणाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर वाळतं, आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता नेतं. मुंबईच्या मेमध्ये हवा ओली, त्यामुळे ते वाळणं मंद. ज्या हवेत आईचा घाम वाळला नाही, त्या हवेत रांजणही घाम गाळत बसेल. तेव्हा गार पाण्याचा हट्ट नको. साधं, स्वच्छ, गाळलेलं पाणी, खाली तोटी असलेलं झाकणाचं स्टीलचं पिंप, साखळीला बांधलेले दोन पेले किंवा बाटली भरता येईल इतकी उंच तोटी. पिंप कमानीच्या आत, खांबाला लागून, चालण्याच्या वाटेत नाही. सकाळी दुकान उघडताना भरायचं, दुपारी एकदा, चारला एकदा. रात्री रिकामं करून पालथं घालायचं, म्हणजे डास होणार नाहीत. आमच्या चौकातली पाणपोई तीन दुकानदार मिळून चालवतात, आठवड्याची पाळी लावून. एकाने धरलं की ओझं होतं, तिघांनी धरलं की कुणाला जाणवतही नाही. तुमच्या एका कमानीत किती दुकानं, किती कार्यालयं!

आणि बसायला जागा. फार नको. खांबाच्या पायथ्याशी दोन माणसं टेकतील एवढी फळी, किंवा ज्या ओट्यांवर टोकं बसवली आहेत ती काढून घेणं. मला कल्पना आहे, टोकं उगाच बसवली नसतील. कुणी दारू पिऊन झोपलं असेल, कुणी घाण केली असेल. रात्रीचा त्रास असेल तर फळी भिंतीला मिटणारी करा, दुकानाबरोबर उघडा, दुकानाबरोबर मिटा. पण दुपारी बारा वाजता बसू पाहणारी म्हातारी आणि रात्री बारा वाजता येणारा उपद्रवी यांना एकच उत्तर असू नये. पहारेकऱ्याला तेवढं सांगून ठेवा. तो आपल्या मनाने ते करू शकत नाही, आणि आईला उठवताना त्याची मान खाली गेली ती मला अजून दिसते.

कमानीतली पथारीवाली, टपरीवाली माणसं हटवा, असं या पत्रात कुणी वाचू नये. आईला स्टूल मिळालं ते त्यांच्यातल्याच एकाकडून. वाट दोन माणसं शेजारी चालतील एवढी मोकळी असावी, हे मात्र खरं. धाकट्याला काही ठिकाणी रस्त्यावर उतरून चालावं लागलं, बाजूने गाड्या जात होत्या, आणि सावली हातभर अंतरावर असून ती त्याला मिळत नव्हती. ज्या इमारतींनी कमानीचा तुकडा जाळी लावून आत घेतला आहे किंवा तिथे जनित्र आणि खोकी ठेवली आहेत, त्यांनी एकदा फक्त दुपारी एक वाजता बाहेर येऊन, वळसा घालून चालणाऱ्या माणसांकडे पाहावं. कागदोपत्री ती पट्टी कोणाची, या वादात मी शिरत नाही.

बाकीचा दिवस बरा गेला. ओव्हल मैदानाच्या कडेने गॉथिक आणि आर्ट डेको अशा समोरासमोरच्या रांगा पाहायच्या होत्या, २०१८ मध्ये त्यांनाही जागतिक वारशाचा मान मिळाला आहे. तो बेत मी सोडला. राजाबाई टॉवर लांबूनच दाखवला. तोही कापसाच्याच पैशाचा, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेला. थोरलीला ते आवडलं. टॅक्सी करून थेट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. जाड दगडी भिंती, उंच घुमट, आतला गारवा. १९२२ मध्ये ते लोकांना खुलं झालं, त्याआधी पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं असं सांगितल्यावर आई म्हणाली, "मंग मी जागेवरच आली म्हणा." ती खालच्या दालनात दीड तास बाकावर बसून राहिली, मुलं येऊन येऊन तिला काय पाहिलं ते सांगत राहिली. पाचनंतर गेटवेला. समुद्राकडून वारा सुटला होता. तिथे मात्र आईचा घाम वाळला, आणि तिने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं.

फोर्ट पाहून आलेल्या माझ्या मुलीने शाळेच्या वहीत कमानींचं चित्र काढलं आहे. खांब, उन्हाचे पट्टे, आणि एका खांबाशी स्टूलवर बसलेली आजी. शेजारी तिने पाण्याचं पिंप काढलं. ते तिथे नव्हतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असायला पाहिजे ना पण." तुमच्यापैकी कुणी हे पत्र वाचून पहिलं पिंप ठेवलं, तर त्याचा फोटो मला तिला दाखवायचा आहे.

आईचा संग्रहालयाचा वरचा मजला राहिला आहे. पुढच्या मेमध्ये पुन्हा जायचं म्हणते. घड्याळवाल्या काकांचं नाव विचारायचं आम्ही सगळेच विसरलो, पण जागा माझ्या लक्षात आहे. त्यांच्यासाठी तिने लिंबाच्या लोणच्याची एक बरणी वेगळी काढून, तोंडाला फडकं बांधून फडताळात ठेवली आहे. वर्षभरात ते चांगलं मुरेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अकोल्याचा एक शिक्षक